भातबंद बाई

मी आजवर कुणाचाही भात बंद केलेला नाही. हे एकदा छापून यावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, ती या अंकाच्या संपादकांमुळे पुरी होते आहे. ब्रह्मपुरीच्या बाजारात मी वांगी निवडत असते आणि भाजीवाली शेजारणीला कोपर मारून सांगते, "थे पाह्य, भातबंद बाई." मग माझ्या पिशवीत काय काय जातं ते दोघी टक लावून पाहतात. मागे किराण्याच्या दुकानात तांदूळ मागितला तर दुकानदार गालात हसत म्हणाला, "मॅडम, तुमी बी खाता?" खाते बाबा. रोज खाते. आरमोरीत जन्मलेली बाई भाताशिवाय कशी जगेल?

सरकारी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ होते. आधी कुरखेडा, मग आरमोरी आणि शेवटची बरीच वर्षं ब्रह्मपुरीत. बाहेरच्यांना आमच्या भागाची एक गोष्ट सांगावी लागते. हा धानाचा मुलूख आहे. सकाळी रात्रीचा भात फोडणी घालून, दुपारी भात, रात्री भात. पाहुण्याने चार पोळ्या खाल्ल्या तरी घरची बाई म्हणते, "बरं, आता जेवाले बसा." अशा मुलखात समोरच्याला भात थोडा कमी घ्या असं सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. लोक माझ्याकडे न्यायाधीशासमोर उभं राहिल्यासारखे यायचे आणि तितकंच खरं बोलायचे.

एक निवृत्त गुरुजी आठवतात. साखर वाढलेली, तोंडावर अत्यंत सात्त्विक भाव. "मी एकच ताट भात खातो," म्हणाले. पुढच्या वेळी मी ते ताट आणायला सांगितलं. गुरुजींच्या बायकोने पिशवीतून जे काढलं त्यात आमच्याकडे कणीक मळतात. गुरुजी खोटं बोलत नव्हते, ताट एकच होतं! त्या दिवसापासून मी किती खाता हे विचारणं सोडलं आणि कशात खाता ते विचारू लागले.

तरी माझ्या नोकरीचा मोठा भाग उलट्या कामात गेला. वजन वाढवण्याच्या. कुपोषित लेकरं आईसकट आमच्याकडे दाखल व्हायची. त्यांना थोडं थोडं, वरचेवर भरवायचं, काटा जरा वर सरकला की सगळा वॉर्ड खूश. वजन वाढणं म्हणजे चांगलं, हे आमच्या हाडात मुरलेलं. म्हणून एका वर्षी, रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत, समता माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा मला स्वतःलाही जरा नव्याने शिकावं लागलं. नाव बदललं आहे, गावाचं लिहीत नाही.

रोवणी चालू असली की दवाखाना रिकामा असतो, सगळं गाव चिखलात. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर या दोघीच होत्या. समता चौदा वर्षांची, नववीत. अंगाने चांगलीच जाड, पंख्याकडे पाहत बसलेली. तिची आई शीलाबाई मात्र काटकुळी, सारखी पदर सावरणारी. वजनाची तक्रार घेऊन त्या आल्याच नव्हत्या. आईने मुलीची ओढणी बाजूला केली.

"हे पाहा ना जी. मान काळी पडून राह्यली. किती घासलं तरी मळ निघतच नाई. शाळेतली मॅडम म्हन्ते, पोरीले आंघोळ घालत नाई का."

मानेभोवती काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा होता. त्यावर घासल्याच्या लाल रेघा होत्या, एके ठिकाणी खपली धरलेली. मी विचारलं, कशाने घासता? समता पहिल्यांदा बोलली, "वजरीनं." पाय घासायच्या दगडाने ही मुलगी रोज सकाळी आपली मान घासत होती. तो मळ नव्हताच. शरीरात साखरेचं गणित बिघडायला लागलं की कातडी अशी काळी पडते. घासून ती जात नाही, आतलं सुधारलं की हळूहळू फिकी होते.

"आजपासून वजरी बंद," मी म्हटलं. एवढी एकच गोष्ट मी त्या पोरीची बंद केली.

मग वजन. आमच्याकडे वजनाची एक पद्धत आहे. एक जण पोराला काट्यावर उभं करतो आणि आकडा ओरडतो, दुसरा लांब टेबलाशी बसून लिहून घेतो. अंगणवाडीत तेच, शाळेत तेच. बारक्या पोरांचं त्यात काही जात नाही. समताचा आकडा मात्र शाळेत भर वर्गासमोर ओरडला गेला होता, आणि त्या दिवसापासून पोरं तिला त्या आकड्यानेच हाक मारत होती. तपासणीचं पथक यायचं असलं की तिचं पोट दुखायचं आणि ती घरी राहायची. हे मला तिच्या आईने सांगितलं, तेही 'पोट कमजोर आहे' अशी तक्रार म्हणून.

मी काटा आतल्या खोलीत नेला, दार लावलं. "उलटी उभी राह्य," मी म्हटलं, "तुले पाहाचं नसलं तं नको पाहू. मी बी बोलत नाई."

ती पाठ करून उभी राहिली. उतरल्यावर विचारलं, "कोनाकोनाले सांगाल?"

"डॉक्टरले. आन तू म्हनशील तेव्हा तुले."

तिने मान हलवली. आमची ओळख तिथे झाली असं मी धरते.

रक्ताचे रिपोर्ट आले. साखर सीमेच्या अगदी काठावर होती. आमचे डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण असंच चाललं तर शाळा संपायच्या आत होईल. रात्री घोरते, दिवसा वर्गात पेंगते, जिना चढली की धापा टाकते. या वयाच्या मुलांना उपाशी ठेवायचं नसतं, त्यांची उंची वाढत असते. वजन झरझर उतरवायचीही घाई नसते. वजनाची वाढ थांबवायची, अंगात चलनवलन आणायचं, बाकी शरीर स्वतः बघतं. म्हणून मी माझं ठरलेलं वाक्य बोलले, "रोज सकाळी अर्धा घंटा चालत जा."

शीलाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नागपूरहून आजच उतरले होते. "सकाळी? कुठी जी? वाघ हाये ना."

खरंच होतं. त्यांच्या गावाला दोन बाजूंनी जंगल, आणि वनखात्याची गाडी भोंगा लावून सांगून गेलेली की उजाडायच्या आधी कुणी एकट्याने बाहेर पडू नये. तालुक्याच्या गावी बसून चाला म्हणणं सोपं असतं. "बरं, मंग शाळेत खेळू दे," मी म्हटलं, "पीटीच्या तासाले धावू दे."

"धावाले नाई चालत तिले," शीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "तिले सिकल हाये."

विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे थोडं सांगते. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडा-सांध्यांतून अशा कळा येतात की मोठी माणसं लहान मुलांसारखी रडतात. दोन्ही पालकांकडून आला तर मूल आजारी असतं. त्याला थंडीपासून, फार दमण्यापासून जपावं लागतं. एकाकडूनच आला तर मूल नुसतं वाहक असतं. ते इतरांसारखंच खेळतं, धावतं, भरपूर पाणी पीत राहिलं म्हणजे झालं, आणि पुढे लग्न ठरवताना जोडीदाराचंही रक्त तपासून घ्यायचं असतं. गावात शिबिरात जी झटपट चाचणी होते ती फक्त रक्तात सिकल आहे एवढं सांगते. आजारी की वाहक, हे दुसऱ्या तपासणीत कळतं.

"दुसरी तपासनी केली होती का?" मी विचारलं.

शीलाबाईंनी पदर सावरून मुलीची ओढणी नीट केली. समता पुन्हा पंख्याकडे पाहू लागली.

बाकीचं मला त्यांच्या घरी कळलं. पुढच्याच आठवड्यात त्या बाजूला माझा दौरा होता. समताचे वडील देवानंदभाऊ ब्रह्मपुरीहून काळीपिवळी चालवायचे, त्यांच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेले. रोज सकाळी याच सीटवर समता शाळेत जाते आणि संध्याकाळी याच सीटवर घरी येते, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. सीटखाली कुरकुऱ्यांचे पुडे आणि थंड्याच्या बाटल्या होत्या. "पोरगी थकून येते ना जी," ते म्हणाले.

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली एका दहाबारा वर्षांच्या मुलाचा फोटो, त्याला ताजा हार. तो राहुल, समताचा मोठा भाऊ. त्याला खरा सिकलसेल होता. शीलाबाई सांगत होत्या आणि सांगताना त्यांचा हात पायाच्या नडगीवरून फिरत होता, जणू ते दुखणं अजून तिथेच होतं. रात्र रात्र त्याचे पाय चेपत बसायचं. पाण्यात जाऊ द्यायचं नाही, धावू द्यायचं नाही, पोरांच्या मागे पळाला की ओढून आणायचं. तरी तो गेला. त्याच दिवसांत गावातल्या शिबिरात छोट्या समताच्या बोटातून रक्त घेतलं आणि कुणीतरी सांगितलं की हिलाही सिकल निघाला, तालुक्याला दुसऱ्या तपासणीला या.

"आमच्यात जाची ताकद नव्हती, मॅडम. जाऊन का ऐकाचं होतं? हिले बी होनार, एवढंच ना." त्यांनी समताच्या डोक्यावरून हात फिरवला. "म्या मंग ठरवलं. राहुलले म्या जेवढं जपलं, हिले त्याच्या दुप्पट जपीन. आन पाहा, आजपावतो हिचं एकदा बी दुखलं नाई."

माझ्या मनात एक शंका टक्कन उभी राहिली. ज्या मुलीला खरा आजार असतो तिचं एवढ्या वर्षांत एकदाही दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, रक्त भरावं लागत नाही, हे फार क्वचित होतं. रिपोर्टात हिमोग्लोबिनही छान होतं. पण शीलाबाईंचा हिशेब वेगळा होता. त्यांनी जपलं म्हणून दुखलं नाही, आणि जपणं म्हणजे बसवून ठेवणं आणि पोटभर वाढणं. राहुल वाळत वाळत गेला होता. समताच्या अंगावर चढणारा प्रत्येक किलो त्या आईला मुलगी वाचत असल्याची खूण वाटत होता. त्या बाईला मी काय म्हणून भात कमी कर सांगणार होते?

निघताना मागच्या खोलीत एक सायकल दिसली. सरकारकडून आठवीच्या मुलींना मिळते ती. सीटवरची, दांड्यावरची पन्नीसुद्धा काढलेली नव्हती. समता माझ्या नजरेकडे पाहत होती. "येत नाई मले," ती हळूच म्हणाली. "शिकून का करू?"

दुसऱ्या तपासणीसाठी रक्त द्यायला शीलाबाई तयार नव्हत्या. देवानंदभाऊंनी एकदाचं जीपमध्ये बसवून दोघींना आणलं. रिपोर्ट यायला काही दिवस होते. शंका येणं वेगळं आणि एखाद्या आईच्या हातात आशा देऊन परत काढून घेणं वेगळं. मी त्या दिवसांत शीलाबाईंना एका शब्दानेही धीर दिला नाही, आणि ते मला फार जड गेलं.

समता वाहक निघाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कागदावर दोन गोल काढले, आजाराचा पूर्ण रंगवला, वाहकाचा अर्धा. देवानंदभाऊ मध्येच उठून गाडी पाहून येतो म्हणाले आणि बराच वेळ बाहेर राहिले. समताने विचारलं, "मंग मी धावू शकते?" डॉक्टर म्हणाले, धाव, सोबत पाणी ठेव, तहान लागायच्या आधी पी. डॉक्टर गेल्यावर शीलाबाईंनी माझा हात धरला.

"मंग राहुलले बी म्या उगाच बसवून ठेवलं का जी? थो खेळतो खेळतो म्हने. म्या मारलं बी होतं त्याले, पान्यात गेला म्हनून."

मला यापेक्षा अवघड प्रश्न नोकरीत कुणी विचारला नाही. "नाई, शीलाबाई," मी म्हटलं. "राहुलले दोघांकडून आला होता. त्याले जपनं बरोबरच होतं. तुमी जे केलं थे डॉक्टरनं सांगतलं तसंच केलं. त्याचं बरोबर होतं. फक्त हिले त्याची गरज नाई."

त्या रडल्या. मीही रडले, लपवलं नाही. समता आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होती आणि शेवटी तिनेच उठून आम्हाला पाणी आणून दिलं.

त्यानंतरचं काम माझ्या सवयीचं होतं. भात राहिला, फक्त आधी वाटीभर वरण आणि भाजी पोटात जायची आणि मग भात यायचा. पावसाळ्यात तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची भाजी फुकट मिळते, तलावातले बारीक मासे मिळतात, ते ताटात वाढले. चहातली साखर घरात सगळ्यांचीच कमी केली, कारण एकट्या मुलीला वेगळं वाढलं की ती शिक्षा होते. जीपच्या सीटखालचे पुडे देवानंदभाऊंनी काढले आणि तिथे चणे-फुटाणे ठेवले, ते प्रवाशांनी संपवले, अशी त्यांची तक्रार होती. समता अंगण झाडू लागली, बोअरवेलवरून पाणी आणू लागली. दिवाळीच्या सुमारास जिना चढताना तिची धाप कमी झाली होती आणि कुर्ता ढिला बसत होता. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते.

आणि मग मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी, आणि त्या दिवशी त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. मला भीती होती ती वड्यांची आणि मटणाची. घडलं भलतंच. मामाच्या गावी, मावशीच्या गावी, जिथे जाईल तिथे बायका समताला पाहून गप्प व्हायच्या आणि मग शीलाबाईंना बाजूला घ्यायच्या. वर्षभर जिच्या अंगावरून कुजबुजायच्या त्याच. "पोरगी वाळून राह्यली वो तुमची. राहुल बी असाच वाळला होता. सिकल बाहेर आला वाटते."

समताचं येणं थांबलं. ठरलेल्या दिवशी नाही, पुढच्या बाजाराला नाही. गावातल्या आशा सेविकेकडे निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. अशी पोरं माझ्या हातून खूप सुटली आहेत. दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत, आणि मग काही वर्षांनी साखरेच्या गोळ्यांच्या रांगेत मोठी होऊन दिसतात. ती खंत मला आजही आहे, तिच्यावर औषध सापडलेलं नाही. ही पण गेली, असं मी जवळजवळ धरून चालले होते.

एक दिवस दुपारी काळीपिवळी दवाखान्याच्या फाटकात येऊन थांबली. समता उतरली आणि सरळ माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, आई परत ताटभर भात वाढून राह्यली. नाई म्हटलं तं रडते. तुमी चला."

मी गेले. शीलाबाई चुलीशी होत्या, माझ्याकडे पाहत नव्हत्या. रिपोर्ट खोटा असू शकतो, त्या म्हणाल्या. सगळं गाव खोटं बोलेल का? मी कागद दाखवणार होते, पर्समध्ये हात घातलाही होता. पण कागद तर त्यांनी पाहिलेलाच होता. मग मी दुसरंच बोलले. "शीलाबाई, राहुलचं दुखनं येन्याच्या आदल्या दिवशी तुमाले समजत होतं ना?"

"समजत होतं."

"कशावरून?"

"डोळ्यावरून. पिवळे होत. बोटं सुजत. पोटाच्या डाव्या अंगाले हात लावला का गोळा लागे. तोंड उतरून जाय."

"मंग हिचं पाहा. मी डॉक्टर नाई, मले काही समजत नाई. तुमी पाहा."

त्यांनी हात पदराला पुसले. समताला दारातल्या उजेडात उभं केलं. खालची पापणी ओढून पाहिली, मग दुसरी. एकेक बोट दाबलं. पायाचे घोटे पाहिले. मग तिला आडवं करून पोटावर हात ठेवला, आणि तो हात तिथे किती तरी वेळ तसाच राहिला. समता छताकडे पाहत श्वास रोखून पडली होती. नंतर त्यांनी मुलीची मान वळवून पाहिली. काळा पट्टा कडेने फिका पडू लागला होता.

"नाई," त्या म्हणाल्या. "त्याच्यावानी काहीच नाई." आणि उठून चुलीवरचं जास्तीच्या भाताचं आधण उतरवलं.

त्या एका शब्दानंतर मला त्या घरात फार काही करावं लागलं नाही. मळणी आटोपून खळं मोकळं झालं तशी सायकलची पन्नी निघाली. चौदाव्या वर्षी सायकल शिकणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा असते. समता धानाच्या तणसात, म्हणजे पेंढ्यात पडायची म्हणून लागायचं कमी. देवानंदभाऊ मागून सीट धरून धावायचे आणि दहा पावलांत दमायचे, तेव्हा मी त्यांचीही साखर तपासायला सांगितली.

खरी अडचण पुढे होती. गावातल्या मुली सायकलने एकत्र शाळेत जातात. मध्ये चढावावर जंगलाचा एक पट्टा लागतो, तिथे वाघ रस्ता ओलांडतो. मुलींचा नियम असा की त्या पट्ट्यात सगळ्यांनी एका घोळक्याने, मोठमोठ्याने बोलत जायचं, कुणी थांबायचं नाही आणि कुणाला मागे सोडायचं नाही. समता येणार कळल्यावर त्यांच्यात चलबिचल झाली. त्यांची म्होरकी पूजा, दहावीतली, फटकळ. ती माझ्यासमोरच म्हणाली, "मॅडम, राग नका येऊ देऊ. हे चढावावर उतरते. थिथी उतरली तं आमाले बी उतरा लागते. थिथी वाघ राह्यते."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. पोरी दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. समता मान खाली घालून ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती. शीलाबाई दारात उभ्या होत्या, आणि त्या आता म्हणतील, जाऊ दे, जीपनेच जा, असं मला वाटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत.

पूजानेच मग तोड काढली. "मंग हिले समोर ठेवा लागन. मांगं राह्यली तं सुटते. समोर राह्यली तं आमी सारे तिच्या मांगं. दहा मिन्टं आधी निघू." मग समताकडे वळून म्हणाली, "पन चढावावर उतराचं नाई. जीव गेला तरी. समजलं का?"

"समजलं," समता म्हणाली.

पहिल्या दिवशी देवानंदभाऊ जीप घेऊन मागे मागे गेले. बैलगाडीच्या चालीने चाललेली काळीपिवळी, आत चिडलेले प्रवासी, पुढे दहाबारा सायकली आणि सगळ्यांच्या पुढे समता. चढावावर ती उभी राहून पायडल मारत होती आणि मागून पोरी ओरडत होत्या, "मार, समता, मार!" आकड्याने हाक कुणी मारली नाही. ती उतरली नाही. हे मला देवानंदभाऊंनी फोनवर सांगितलं. काही दिवस तसं मागे मागे जाणं चाललं, मग प्रवाशांनीच त्यांना बजावलं की पोरींना जाऊ द्या, आमची एसटी चुकते.

परीक्षेच्या आधी मी त्या गावी पुन्हा गेले. साखर काठावरून आत आली होती. काट्याचा आकडा फार उतरला नव्हता, पण उंची वाढली होती, आणि तिने स्वतःहून काट्याकडे तोंड करून उभं राहून तो वाचला होता. संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. शीलाबाई माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा घेऊन आल्या होत्या, जो मला मुळीच आवडत नाही पण आता बोलायची सोय नव्हती. रस्त्यावरून पोरींचा कलकलाट ऐकू आला. समता अंगणात शिरली, सायकल भिंतीला टेकवली, घामाने निथळत होती. ओट्यावर धपकन बसली आणि पाय पसरून म्हणाली, "आई, पाय लय दुखून राह्यले वो."

शीलाबाई धावत जाऊन मुलीच्या पायाशी बसल्या, दोन्ही हातांनी नडगी धरली, चाचपली, मग गुडघा, मग घोटा. "कुठी? कुठी दुखते? हाडात का?"

"नाई वो, इथी," समताने पोटरी दाखवली. "आज चढावावर पूजाले मांगं टाकलं म्या. म्हनून."

शीलाबाईंनी पोटरीवर अंगठा दाबला. समता ओरडली आणि हसलीही. त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या भीतीने विचारत नव्हत्या, खात्री करून घेत होत्या.

"हे दुखनं येगळं ना जी?"

"वेगळं," मी म्हटलं.

त्यांनी पोरीचा पाय मांडीवर घेतला.

"मंग दुखू दे," त्या म्हणाल्या.